तुरुंगासाठी मोकळी जागा

मुकुंदराव स्वतःच्या पायांनी भीमनगरात आले, तेव्हाच केदारीअण्णांना कळायला हवं होतं की काहीतरी मोठं बिनसलंय. मुकुंदरावांचं हुबळीच्या बाजारात कापडाचं दुकान. घराणं मूळचं मिरजेकडचं, तीन पिढ्या इकडे मुरलेलं. अमरगोळच्या वाटेवर नवी वसाहत पडत होती, तिथे त्यांनी दोन प्लॉट घेऊन ठेवले होते. भीमनगर त्या वसाहतीला खेटूनच. प्लॉट बघायला यायचे तेव्हा वस्तीकडे त्यांची पाठ असायची. आणि आता दारात उभे राहून विचारत होते, केदारीअण्णा घरात आहेत का म्हणून. मागच्या महिन्यापर्यंत 'ए केदारी' चाललं होतं. गरज पडली की माणसाच्या जिभेला कसा लगेच 'अण्णा' फुटतो!

बातमी अशी होती की वस्तीमागचं, ओढ्यापर्यंतचं रान सरकारनं नव्या तुरुंगासाठी बघून ठेवलंय. मुकुंदरावांचा जीव प्लॉटात अडकलेला. तुरुंगाच्या शेजारी कोण घर बांधणार, घराच्या गच्चीवरून कैदी दिसायला लागले तर पोरींना स्थळं कुठून येणार, असं ते बराच वेळ बोलत होते. अण्णांनी ऐकून घेतलं, पण त्यांची काळजी निराळीच होती. ते रान म्हणजे भीमनगरची मसणवट. वस्तीतलं माणूस गेलं की तिथंच पुरायचे. अण्णांची लेक राधा तिथं होती. गोवरानं गेली तेव्हा जेमतेम चार वर्षांची. त्यानंतर त्यांच्या बायकोची, दुर्गव्वाची, कूस काही उजवली नाही.

आणीबाणी उठून दोन वर्षं झाली होती, लोकांची मोर्च्यांची भीती मोडली होती. समिती निघाली. वसाहतवाल्यांकडे बसायला जागा नव्हती म्हणून बैठका भीमनगरच्या विहारात होऊ लागल्या. वसाहतीची मंडळी विहारात पहिल्यांदाच आली, बाबासाहेबांच्या फोटोला हात जोडून बसली, आणि चहा आला की सगळ्यांचा चहा नेमका घरून निघतानाच झालेला असायचा. अण्णांना हे दिसत होतं. पण रेल्वेच्या वर्कशॉपात उभा जन्म काढलेल्या माणसाला हेही ठाऊक होतं, की साहेबाच्या टेबलाशी आपला आवाज पोचत नाही आणि कापडवाल्याचा पोचतो. म्हणून त्यांनी ते गिळलं.

कचेरीवर मोर्चा गेला तेव्हा पुढच्या रांगेत कोट-टोप्या होत्या आणि मागे सगळं भीमनगर. बायका मजुरी बुडवून आल्या होत्या. 'बेड, बेड, जेल बेड' असं कानडीत ओरडत, 'नको, नको' म्हणत, ऊन डोक्यावर घेऊन त्या बाजारातून चालत गेल्या. सगळ्यांत पुढे अण्णांच्या शेजारची लक्कव्वा. तिची सासू आणि तिचा थोरला, दोघंही त्या रानात होते. त्या दिवशी अण्णांना वाटलं की हे होईल. इतकी माणसं बोलताहेत, तर सरकारला कान असणारच. असं वाटणं हेच मुळात चुकलं.

कचेरीतले साहेब जागा बघायला आले. वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर त्याच्यावर राग तरी काढता आला असता. सरकारी कागदात या रानाची नोंद 'मोकळी जागा' अशी होती, ती त्यांनी वाचून दाखवली. मग गवतात इकडून तिकडे चालले आणि साध्या कानडीत म्हणाले की तुम्ही मसणवट म्हणता, पण कुठे एखादी समाधी, चौथरा, दगड, काहीतरी दिसायला नको का? दिसलं असतं तर त्यांनी वर लिहिलं असतं. आता रिकाम्या गवतावर काय लिहायचं?

समितीची माणसं अण्णांकडे बघायला लागली. अण्णा खाली बघत होते.

पूर्वी त्या रानात दगड होते. प्रत्येक मढ्याच्या उशाशी एक. त्याला शेंदूर फासलेला असायचा, अमावास्येला त्याच्यापुढे भात आणि अंडं ठेवायची रीत होती. वस्तीनं बौद्ध धर्माची दीक्षा घेतली त्या वर्षी घराघरांतले देव निघाले आणि ओढ्यात गेले. तेव्हा अण्णाच उभे राहून बोलले होते. घरातले देव काढले, मग मेलेल्यांच्या उरावर देव कशाला ठेवायचे? सगळ्यांना पटलं, पण पहिली पहार घालायला कुणाचा हात होईना. आपल्या माणसाचा दगड आपण उपटायचा म्हणजे सोपं नव्हतं. म्हणून अण्णांनी स्वतः राधाचा दगड उपटला. मग बाकीचे निघाले. विहाराचा पाया त्याच दगडांचा आहे. दुर्गव्वा त्या दिवशी एक शब्द बोलली नव्हती. संध्याकाळी तिनं भाकरी वाढली, अण्णांनी खाल्ली, आणि पुढं आयुष्यभर त्यांना त्या दिवसाचा अभिमान वाटत आला. का वाटू नये? माणसासारखं उभं राहायला त्या माणसांनी काय काय सोडलं, हे कोटवाल्यांना कधी कळायचं नाही.

येत्या सोमवारी मोजणीदाराला घेऊन येतो म्हणून साहेब गेले. गाडीचा धुरळा बसला तसे मुकुंदराव अण्णांना बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "एक दगड ठेवा अण्णा. शेंदूर लावा. या गावात दगडासाठी रस्ते वळलेत, तुरुंगाचं काय घेऊन बसलात?"

"ते आमी टाकलंय, मुकुंदराव."

"टाकलंत ते ठीकच. चार दिवस उचला."

"मग तुमीच का ठेवत न्हाई?"

मुकुंदराव हसले. तुमच्या मसणात आमचा देव कुठून आला असं कुणी विचारलं तर भानगड व्हायची, म्हणाले. अण्णांच्या मस्तकात तिडीक गेली, पण भांडून करणार काय? समितीतला तोच एक माणूस साहेबाबरोबर खुर्चीवर बसायचा.

त्या संध्याकाळी विहारात नुसत्या वस्तीची बैठक झाली. अण्णांनी सल्ला सांगितला आणि आपण तो धुडकावल्याचंही सांगितलं. तरणी पोरं खूश झाली. पुन्हा मोर्चा काढू, बंगळूरला जाऊ, उपोषणाला बसू, असं खूप बोलणं झालं. बायका मात्र गप्प होत्या. घरी आल्यावर दुर्गव्वा चुलीपुढं बसली आणि नवऱ्याकडं न बघताच म्हणाली, "तुमी बरूबर हाईसा. सदाच बरूबर हुतासा. पर माजी पोर जेलाखाली जाणार."

अण्णा उठून दारात जाऊन बसले.

सोमवारी सकाळी रानात दगड होता. गुडघ्याएवढा, शेंदरानं माखलेला, पुढ्यात नारळ आणि झेंडूची दोन फुलं. कुणी ठेवला ते कुणी विचारलं नाही. दुर्गव्वा भाकरी थापत होती, आणि घासून घासूनही तिच्या तळव्याच्या रेघांतला लाल रंग गेलेला नव्हता. अण्णांनी तो पाहिला. पीठ लाल होतंय असं त्यांना वाटलं. ते तसेच उपाशी उठून रानाकडे गेले.

साहेबांनी दगड बघितल्याबरोबर पायातल्या चपला काढल्या. मोजणीदारानं साखळी जमिनीवर ठेवली. मागच्या खेपेला हा दिसला नव्हता, असं साहेब म्हणाले खरे, पण त्यांच्या आवाजात संशयापेक्षा धास्तीच जास्त होती. भोवती सगळी वस्ती जमली होती. तरणी पोरं अण्णांच्या तोंडाकडे बघत होती. अण्णा आता खडसावून सांगतील की आमचा देवाशी संबंध नाही, याची त्यांना खात्री होती. बायका पलीकडे उभ्या होत्या. दुर्गव्वानं पदर तोंडाशी धरला होता.

"इदु निम्म देवरा?" साहेबांनी अण्णांनाच विचारलं. हा तुमचा देव का?

अण्णांनी एकदा पोरांकडे बघितलं, एकदा बायकोकडे.

"व्हय साहेब," ते म्हणाले. "जुना हाय. गवतात दडला हुता."

आपल्याच तोंडातून हे निघालेलं ऐकून त्यांना शरमेनं मेल्यासारखं झालं. पोरांपैकी एकजण तिथून सरळ चालता झाला. पण निदान रान वाचेल, असं अण्णा मनाशी म्हणत राहिले. तेवढ्यासाठीच तर ते बोलले होते.

साहेबांचा चेहरा उजळला. आता त्यांना काहीतरी करता येण्यासारखं सापडलं होतं. त्यांनी नकाशा उघडला, मोजणीदाराला जवळ बोलावलं आणि तुरुंगाची भिंत त्या एका कोपऱ्यात आत वळवायला सांगितली. देव बाहेर राहील, भोवती प्रदक्षिणेपुरती जागाही सुटेल. देवाला धक्का लागणार नाही, असा त्यांनी शब्द दिला. बाकी सगळं ठरल्याप्रमाणे.

"साहेब, तेवढंच न्हवं," अण्णा पुढे झाले, "हे समदं रान..."

साहेबांनी समजुतीनं त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. तुमचं म्हणणं ऐकलं की मी, म्हणाले. कागदात मसणवट नाही, जमिनीवर मसणवट नाही. देव होता, तो सोडला. याहून जास्त माझ्या हातात काय आहे? आणि खरोखरच त्यांच्या हातात नसावं. कुणाच्या हातात होतं, हे भीमनगरातल्या कुणाला शेवटपर्यंत कळलं नाही.

मुकुंदरावांनी तोवर आपलं साधून घेतलं होतं. तुरुंगाचा दरवाजा वसाहतीच्या विरुद्ध बाजूला, मध्ये झाडांची रांग. दगडानं काम केलं बघा, असं ते अण्णांना म्हणाले, आणि ते मनापासून म्हणाले हेच जास्त झोंबलं. समितीच्या पुढच्या बैठकीला वसाहतीचं कुणी फिरकलं नाही. भीमनगरातलेही चारच आले. विहाराच्या दारात बसून राहिले आणि उठून गेले.

पाया खणायला सुरुवात झाली त्या दिवशी लक्कव्वा दारात आली. भांडायला आली नव्हती, तिच्यात तेवढं उरलंच नव्हतं. "तुजी पोर तेवढी भाईर ऱ्हायली, दुर्गव्वा," ती म्हणाली. "आमची समदी आत गेली." एवढं बोलून ती गेली आणि त्यानंतर दोन्ही घरांतली जा-ये थांबली. वैशाखी पौर्णिमेला विहारात मेणबत्ती लावायला पोरांनी दुसऱ्याच माणसाला पुढे केलं. अण्णा मागे भिंतीशी बसून राहिले.

भिंत चढत गेली. गवंडी आणि त्यांची बिऱ्हाडं मंगळवारी त्या दगडापुढे नारळ फोडू लागली. पुढे पहारेकरीही पाया पडायला लागले. कुणीतरी वर पत्रा घातला. ज्यांनी देव ओढ्यात टाकले त्या माणसांच्या रानात असा एक देव बसला. दुर्गव्वा रोज दिवस कलला की तिथे जाऊन बसायची. हात जोडायची नाही, फूल वाहायची नाही. नुसती बसायची.

एकदा तिला उशीर झाला म्हणून अण्णा बोलवायला गेले. भिंतीची सावली रस्त्यापर्यंत आली होती. आत कुणीतरी खोकत होतं. इतक्या दिवसांत अण्णा त्या दगडाजवळ आले नव्हते. ते तिच्याशेजारी बसले. काहीतरी बोलावं, तिला बरं वाटेल असं, आणि स्वतःलाही, म्हणून ते म्हणाले, "जाऊ दे. आपली राधी तरी भाईर हाय."

दुर्गव्वानं दगडापुढची माती हातानं सारखी केली.

"मला ठावं न्हाई," ती म्हणाली.

"काय?"

"ती हितं हाय का न्हाई. म्या अदमासानं ठेवला. तिच्या उशाचं झाड कवाच तोडलेलं, खुणा न्हाईत, अंधार हुता." मग तिनं मान वर केली. तिच्या डोळ्यांत राग नव्हता, खरोखरच विचारायचं होतं तिला. "तुमास्नी ठावं असंल की वो. तिचा दगड तुमीच काढला हुता न्हवं? कुठं हुता?"

अण्णांनी दगडाकडे बघितलं, मग भिंतीकडे. दगड उपटला त्या दिवशीची माणसं त्यांना आठवत होती. टाळ्या आठवत होत्या, आपण काय बोललो तेही शब्दन् शब्द आठवत होतं. जागा काही केल्या आठवेना.