आवाजाचा निरोप

धाकटीच्या एचआरच्या अभ्यासक्रमात माणसं कशी निवडावीत यावर एक जाडजूड पुस्तक होतं, आणि माणसं कशी जपावीत यावर त्याहून जाड दुसरं. माणसं काढावीत कशी, यावर मात्र चतकोर पानही नव्हतं. ते शिकायला इंटर्नशिप असते, हे तिला वृत्तवाहिनीच्या कचेरीत गेल्यावर कळलं.

दोघी बहिणींत ती धाकटी, म्हणून घरात धाकटी. कचेरीत कोणी नावाने हाक मारायच्या भानगडीत पडत नसे, सगळे 'इंटर्न' म्हणत. काम म्हणाल तर पडेल ते. गळ्यातली ओळखपत्रं वाट, मुलाखतीला आलेल्यांना पाणी दे, खुर्ची मोडल्याची तक्रार योग्य त्या माणसाच्या गळ्यात मार. ती मन लावून करी, कारण तिला तिथे कायमची जागा हवी होती. वर्गातली निम्मी मुलं नोकरीसाठी वणवण करत होती आणि आईने तर शेजारीपाजारी 'लागलीच म्हणून समजा' असं सांगूनही टाकलं होतं.

याच कचेरीत तिचा सख्खा मामा होता, आणि हे तिथे कोणालाही ठाऊक नव्हतं. जागा निघाल्याचं त्यानेच कळवलं, पण वर तंबी दिली, "तिथे मी तुझा मामा नाही. उगाच वशिल्याचं तट्टू म्हणतील तुला." मामा त्या वाहिनीचा आवाज होता. पूर आला, सरकार पडलं, सामना जिंकला, हे बातमीमागून जो सांगतो आणि स्वतः कधी दिसत नाही, तो. त्यामुळे कचेरीतही लहानथोर त्याला 'आवाज'च म्हणत. 'आवाज जेवायला गेलाय.' 'आवाजाला सर्दी झालीय, ती बातमी मागे ठेवा.' मामाला याचं काही वाटत नसावं. निदान तसं दाखवत तरी नसे.

कचेरीची एक जुनी रीत होती. नवा माणूस रुजू झाला की त्याचं नाव आवाजाकडून म्हणवून घ्यायचं आणि साठवून ठेवायचं. पुढे सत्कार असो, वाढदिवस असो की निरोप, त्या माणसावर चित्रफीत केली की नाव साठ्यातून उचलून बसवायचं. हे नावं भरायचं काम धाकटीकडे आलं. ती नव्या माणसाला उच्चार नीट विचारून घेई आणि ध्वनिमुद्रणाच्या खोलीत जाऊन काचेपलीकडे बसलेल्या मामाला माइकवरून सांगे. तो प्रत्येक नाव तीन तऱ्हांनी म्हणे: एकदा साधं, एकदा अभिमानाने आणि एकदा जरा जड आवाजात.

"तिसरं कशाला, सर? आजच तर आलाय तो," तिने पहिल्या दिवशी विचारलं.

"जाईलच की कधीतरी," मामा म्हणाला. "तेव्हा पुन्हा मला कशाला उठवता?"

निरोपाच्या फितीचा मजकूर बिननावाचाच येई. कोणाला काढणार ते आधी फुटू नये, म्हणून ही खबरदारी. आवाज नावाची जागा सोडून वाची, आणि पुढे एडिटर ती जागा भरी. त्या आठवड्यात असाच एक मजकूर धाकटीच्या हातात पडला आणि नेहमीप्रमाणे तो घेऊन ती मामाकडे गेली. मामाने चष्मा लावून वाचायला घेतलं. कधी पुढे पुढे न करता, कधी मोठेपणा न मागता त्यांनी या घराचा भार वाहिला, असं काहीबाही त्यात होतं.

"कोणाचा नंबर लागला गं, इंटर्न? गडी फारच सज्जन दिसतोय."

"मला नाही माहीत, सर." आणि तिला खरंच माहीत नव्हतं.

"सज्जनांनाच आधी नारळ मिळतो. थांब, दुसरं वाक्य पुन्हा घेतो. जरा कोरडं गेलं. बिचाऱ्याला निदान निरोप तरी नीट मिळू दे."

त्याने पुन्हा वाचलं, आणि ते इतकं चांगलं वाचलं की धाकटी नोंद करायचंच विसरली.

दुसऱ्या दिवशी एडिटर एचआरच्या मॅडमकडे आला. धाकटी तिथेच ओळखपत्रांच्या दोऱ्या सोडवत बसली होती. साठ्यात नाव सापडत नाही, असं त्याचं म्हणणं होतं.

"असं कसं? सगळ्यांचं असतं," मॅडम म्हणाल्या.

"सगळ्यांचं आहे. आवाजाचं नाही. स्वतःचं नाव तो कशाला भरून ठेवेल?"

मॅडमनी कपाळावर हात मारला. "म्हणजे त्याचा निरोप आपण त्याच्याकडूनच वाचून घेतला?"

"नेहमी तोच वाचतो," एडिटर म्हणाला. त्यात त्याला काही वावगं वाटलं नव्हतं. इतर कोणालाही वाटलं नव्हतं. मजकूर लिहिणाऱ्याने लिहिला, पाठवणाऱ्याने पाठवला, वाचणाऱ्याने वाचला.

धाकटीच्या हातातल्या दोऱ्या तशाच राहिल्या. यापुढे बातमीदारच आपापल्या बातमीला आवाज देणार, वेगळा माणूस परवडत नाही, वरून ठरलंय, हे सगळं मॅडम बोलत होत्या आणि ते तिला दुरून ऐकू येत होतं. नाव दुसऱ्या कोणाकडून म्हणवून घ्यावं, तर मधेच ठिगळ लावल्यासारखं वाटेल, असं एडिटर म्हणाला. मग मॅडम तिच्याकडे वळल्या.

"इंटर्न, तू जा. तुझा त्याला संशय येणार नाही. सांग, वार्षिक सत्कारासाठी हवंय. शुक्रवारी आम्ही त्याला रीतसर सांगूच. आणि हे नीट पार पाड गं. कायमच्या जागेसाठी मी तुझंच नाव पुढे करणार आहे."

मॅडम दुष्ट नव्हत्या. त्यांनी तिला चहाही पाजला होता कितीदा. धाकटी उठली आणि निघाली. आता नाही म्हणावं तर नोकरी गेली, हो म्हणावं तर मामाला त्याच्याच तोंडून फसवायचं. जिना उतरताना तिने दोन्ही बाजूंनी विचार करून पाहिला, आणि मामाच्या खोलीपर्यंत पोचली तरी काही ठरलं नव्हतं.

"सर, तुमचं नाव भरायचं राहिलंय," ती माइकवर म्हणाली. "वार्षिक सत्काराला लागणार आहे."

"माझं?" काचेपलीकडे मामाने चष्मा काढला. मग पुन्हा लावला. "माझं कशाला? बघा बुवा! इतक्या वर्षांनी आठवण झाली म्हणायची." त्याने कोमट पाण्याचा घोट घेतला, कॉलर सारखी केली, जणू त्या काळ्या खोलीत त्याला कोणी बघणार होतं. "आईला आत्ताच बोलू नकोस हं. मीच सांगेन तिला."

त्याने आपलं नाव घेतलं. साधं. मग अभिमानाने घेतलं, आणि हे दुसऱ्यांदा घेताना तो लाजला, हे काचेतूनही दिसलं. मग थांबला.

"झालं ना? तिसऱ्याचं इथे काही काम नाही."

निरोपाच्या फितीला तिसरंच लागतं. ते मिळालं की ती सुटली असती. आठवणीत राहावं म्हणून, सगळ्यांचं तिन्ही असतं म्हणून, काहीही सांगितलं असतं तरी मामाने म्हटलं असतं. इतका तो खुशीत होता.

"तिसरंच हवंय, मामा," ती म्हणाली. "काल वाचलंस ना, ते तुझंच होतं."

मामाने समोरच्या माइककडे पाहिलं, मग तिच्याकडे.

"दुसरं वाक्य मी पुन्हा घेतलं," तो म्हणाला.

"हो."

"गाढव आहे मी." तो हसायला गेला, ते काही जमलं नाही. "पहिली दोन पुसून टाक. आणि तिसरं मी म्हणणार नाही, असं सांग तुझ्या मॅडमना."

तिने त्याच्यासमोरच ती पुसली आणि वर जाऊन मॅडमना सगळं सांगितलं. मामा असल्याचंही सांगितलं. मॅडम ओरडल्या नाहीत, त्यांनी फक्त समोरची फाईल बंद केली. "तुझं प्रमाणपत्र शुक्रवारी मिळेल," त्या म्हणाल्या. "बाकी आम्ही कळवू." एचआरची विद्यार्थिनी होती ती. 'आम्ही कळवू'चा अर्थ तिला परीक्षेला होता. तिला फार वाईट वाटलं. आपण चुकलो, असं मात्र वाटलं नाही.

नावाच्या जागी काय करायचं, यावर तोडगा निघाला तो असा की काहीच करायचं नाही. जागा मोकळी सोडायची, मागे जरा संगीत वाढवायचं आणि खाली पट्टीत 'आपला लाडका आवाज' असं टाकायचं. कोणाच्या लक्षातही येणार नाही, असं एडिटरने छातीठोकपणे सांगितलं.

शुक्रवारी सभागृहात सगळे जमले. मामा इस्त्रीचा सदरा घालून पहिल्या रांगेत बसला होता. धाकटी मागे दाराजवळ उभी राहिली. दिवे मालवले, फीत सुरू झाली आणि मामाचाच आवाज मामाला निरोप देऊ लागला. नावाची जागा आली, संगीत वाढलं, जागा निघून गेली. एडिटरचं खरं होतं. कोणी मोबाइल पाहत होतं, कोणी पुढे केकची पेटी येते का ते पाहत होतं.

फितीत नावाची जागा शेवटीही एकदा होती. ती जागा आली तेव्हा मामा उभा राहिला. माइक नाही, व्यासपीठावर चढला नाही, तिथूनच त्याने स्वतःचं नाव घेतलं. वडिलांच्या नावासकट, आडनावासकट, स्वच्छ. सगळं सभागृह वळून बघू लागलं. मग फितीतल्या आवाजाने पुढचं वाक्य उचललं, आणि मामा खाली बसला.

लोकांना वाटलं, हे असंच बसवलंय. टाळ्यांचा कडकडाट झाला. मॅडमही वाजवत होत्या. धाकटीच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला सुचत नव्हतं. तिच्या पुढे हिशेब विभागातल्या दोघी बसल्या होत्या, कित्येक वर्षं तिथेच नोकरीला असलेल्या. टाळ्या वाजवता वाजवता एक दुसरीच्या कानाशी वाकली.

"अगं, यांचं नाव हे होय?"