बोलग्योवालीच्या नावावरचे सहा दिवस

नेर्मिन नावाच्या त्या तुर्की मास्तरणीकडून बोलग्योवालीला मिळायचं होतं ते एवढंच: दोन रात्रींच्या खोलीभाड्याचे ऐंशी हजार वॉन आणि दोन धडधाकट हात. त्यात हातच जास्त मोलाचे. आमच्या या कोरियन गावात कोणाचेच हात तिला मागता येत नव्हते, आणि परक्या बाईचे हात तिसऱ्या दिवशी विमानात बसून निघून जातात, मागे हिशेब ठेवत नाहीत.

आमच्याकडे सून माहेरच्या गावावरून ओळखली जाते. ती बोलग्योची, मी नाजूची. चाळीस वर्षं आमच्या दोघींत एक कमरेएवढी भिंत आहे. थंडीच्या तोंडावर वर्षाची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं, घालायची वेळ आली की आज तिच्या अंगणात, उद्या माझ्या, परवा हाडोंगवालीच्या, तेरवा सुन्चनवालीच्या, असे आम्ही चौघीजणी फिरतो. एका दिवसाला एक दिवस. गेल्या वर्षी पहिली पाळी बोलग्योवालीची होती. आम्ही तिघींनी तिची किमची घालून दिली आणि त्याच आठवड्यात तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं. तिला कोणाकडेच येता आलं नाही. तीन दिवस तिच्या अंगावर राहिले. आम्ही ते विसरून गेलो, ती विसरली नाही, सगळा घोटाळा तिथला.

वर तिचा मुलगा सांग-ग्यू. ग्वांगजू शहरात चौदाव्या मजल्यावर राहतो. ऑक्टोबरातच येऊन बजावून गेला होता, "आई, यंदा तुझ्यानं किमची झाली नाही तर हट्ट पुरे. घराला कुलूप लावायचं आणि माझ्याकडे यायचं." रविवारी दुपारी तो किमचीचे डबे न्यायला येणार होता. डबे भरलेले दिसले तर ती इथं, रिकामे दिसले तर चौदाव्या मजल्यावर.

शुक्रवारी तिच्या वाफ्यातले ऐंशी कोबी नाहीसे झाले. मी मोजले. मग फाटक लागलं. आमच्या गल्लीत घरात मयत झाली तरी दिवसा फाटक लावत नाहीत. शनिवारी सकाळी भिंतीवरून लसणाचा आणि खारवलेल्या जवळ्याचा वास आला, तेव्हा उरलीसुरली शंका फिटली. बोलावलं असतं तर मी गेले असते. तिनं बोलावलं नाही, आणि न बोलावता जायला मलाही माझं नाक होतंच.

आत काय चाललं होतं ते मागाहून नेर्मिननं सांगितलं. तिची भाषा आमच्या मालिका बघून आलेली, त्यामुळे पाणी मागितलं तरी सासूची क्षमा मागतेय असं वाटायचं. ती दोन दिवस "खरं कोरियन जेवण" शिकायला आली होती. पहाटे पाचला बोलग्योवालीनं तिच्या हातात रबरी हातमोजे दिले आणि रात्रभर मिठात मुरलेला कोबी तीन पाण्यांतून काढायला लावला.

"आजी, एवढी किमची किती जणांची?"

"एका म्हातारीची आणि तिच्या हट्टाची. पान फाडू नकोस. तान्ह्या पोराला अंगडं घालतेस असं समज."

पानापानांत मसाला भरायचा, शेवटचं बाहेरचं पान सगळ्यांभोवती गुंडाळायचं. दुपारपर्यंत तीस कोबी झाले आणि बोलग्योवालीचा गुडघा नारळाएवढा सुजला. तिनं आतलं कोवळं पिवळं पान तोडलं, त्यात मसाला गुंडाळला आणि तो घास आपल्या हातानं नेर्मिनच्या तोंडात घातला. नेर्मिनच्या डोळ्यांना धार लागली. तिखट होतंच, पण ती म्हणते, आई गेल्यापासून कोणी तिला असं भरवलं नव्हतं.

"हे आपण दोघींनीच खायचं?"

"नवी किमची एकटं कोण खातं? पहिली शेजारी जाते," बोलग्योवाली म्हणाली. जन्मभराच्या सवयीनं म्हणाली, आणि गुडघा शेकायला खोलीतल्या खालून तापवलेल्या जमिनीवर जरा आडवी झाली. झोप लागली.

नेर्मिननं ऐकलं ते खरं धरलं. तीन ताटं भरली, फाटक उघडलं आणि गल्लीत आली.

माझ्या दारात ती कोपरापर्यंत लाल हातांनी उभी होती. "आपणांस त्रास देते, क्षमा असावी. बोलग्योच्या आजींची नवी किमची."

"आजींनी पाठवलं?"

"आजी झोपल्यात. पाय फार दुखतोय. अजून पन्नास उरलेत. माझ्या देशातही ताट शेजारी नेतात."

मी एक पान खाल्लं. हात बोलग्योवालीचाच, पण मीठ घाईचं. ताट रिकामं परत करायची आमच्यात रीत नाही, म्हणून त्यात कालवं भरली आणि माझे रबरी हातमोजे खिशात घातले. गल्लीत हाडोंगवाली भेटली. तिच्या हातात उकडलेल्या डुकराच्या मांसाचं पातेलं, मागे सुन्चनवाली मुळ्याची जुडी घेऊन. कोणी कोणाला काही विचारलं नाही.

आवाजानं बोलग्योवाली उठली ती संतापूनच. "ताटं ठेवा आणि जा."

"किमची घालतेस की चोरून दारू गाळतेस?" हाडोंगवालीनं बैठक मारली. "फाटक कसलं लावलंस?"

"माझ्यावर आधीच तीन दिवस आहेत. आणखी नकोत."

"ते तीन दिवस उशाशी घेऊन झोप. तुझ्यासाठी कोण आलंय? आम्ही या पोरीसाठी आलो. एवढ्या लांबून येते आणि आपल्या गावात एकटी मुळा किसते. उद्या घरी जाऊन काय सांगेल?"

बोलग्योवालीनं लसणाचं भांडं आपल्याकडे ओढलं. आमच्यात ती परवानगीच.

संध्याकाळी मांस वाढताना कळलं की नेर्मिन डुक्कर खात नाही. "तोंड नाही का तुला, आधी सांगायला?" म्हणून हाडोंगवालीनं तिलाच झापलं. मी दुकानातून गरम टोफू आणला. कोबी संपले तेव्हा नेर्मिन चौघींच्या हातून घास खात होती आणि पुरे म्हणायला तिला मालिकेतलं वाक्य सापडत नव्हतं.

रविवारी सांग-ग्यू आला तेव्हा आम्ही तिघी तिच्या अंगणातच होतो. डबे ओळीनं भरलेले. त्यानं प्रत्येकाचं झाकण उघडून पाहिलं.

"आई, हे तू एकटीनं केलंस?"

ती हो म्हणाली असती तर आम्ही तिघी दगडासारख्या गप्प बसलो असतो. तिनं आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "नाही. तीस कोबींच्या पुढे माझ्यानं झालं नाही."

तो तोंड उघडणार इतक्यात हाडोंगवाली म्हणाली, "हिच्यावर आमचे आता सहा दिवस झालेत. तीन मागचे, तीन कालचे. हिला न्यायचं असेल तर खुशाल ने. तिचे दिवस तू भर. उद्या सकाळी सहाला माझ्याकडे ये, शंभर कोबी आहेत."

"उद्या माझं ऑफिस आहे, मावशी."

"मग तिला फेडू दे. बसून लसूण सोलता येतो तिला. आम्हाला घाई नाही, वर्षाला एक दिवस दिला तरी चालेल."

सांग-ग्यूनं मनातल्या मनात वर्षं मोजली असावीत. हसला, आणि डबे गाडीत ठेवायला लागला. बोलग्योवाली पाठ फिरवून धुतलेलंच टोपलं पुन्हा धूत होती.

आता कोणी काय भरलं ते सांगते. खोलीभाडं बोलग्योवालीनं नेर्मिनच्या पिशवीत परत कोंबलं. तिला दिलेल्या आठ किलो किमचीचं विमानातलं जादा वजन सांग-ग्यूनं भरलं. मांस हाडोंगवालीचं, मुळा सुन्चनवालीचा, कालवं आणि टोफू माझा. पण वर्षभर आम्ही चौघींनी जी किंमत द्यायची टाळली, न बोलावता दुसरीच्या दारात जाण्याची, ती दोन दिवसांच्या पाहुणीनं भरली. आमच्या चौघींवर तिचा एकेक दिवस आहे, आणि तुर्कस्तानला जाऊन तो फेडेल अशी आमच्यात एकही दिसत नाही.