तारवालीची तुटकी भुवई

तारवालीचे केस लांब की आखूड यावरून भिंगला कादंबरीच्या चाहत्यांच्या ग्रुपवर दुसऱ्यांदा समज मिळाली, तेव्हा ती एका फुलकिड्याच्या मिशा काढत होती.

कीटक विभागात तिचं कामच ते होतं. उघड्या डोळ्यांना धुळीचा कण वाटावा असा किडा काचपट्टीवर चिकटवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि जसा आहे तसा, अंगावरच्या लवेसकट, शाईने कागदावर उतरवायचा. एखादा केस जास्त पडला तर किड्याची जातच बदलते. "इथे सुंदर काढायचं नाही, खरं काढायचं," असं विभागातल्या सरांनी तिला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, आणि नोकरीत आजवर कानावर पडलेलं तेवढं एकच वाक्य तिला मनापासून पटलं होतं. तिची चित्रं किडींच्या ओळखपुस्तिकेत छापून येत. किड्याचं शास्त्रीय नाव असे, तो पहिल्यांदा ओळखणाऱ्याचं नाव असे, ज्याच्या शेतात सापडला त्या शेतकऱ्याचंसुद्धा नाव असे. चित्राखाली मात्र 'विभागाच्या सौजन्याने'.

आपलं नाव एकदा तरी आपल्या चित्राखाली छापून यावं, एवढीच तिची इच्छा होती. ती तिने कुणाला सांगितली नव्हती, कारण सांगायला गेल्यावर ती फारच लहान वाटायची.

म्हणून प्रकाशकांची जाहिरात आली तेव्हा तिने ती चारदा वाचली. शंभर वर्षांपूर्वीच्या त्या गाजलेल्या कादंबरीची नवी सचित्र आवृत्ती निघणार होती. कादंबरीतल्या माणसांची चित्रं वाचकांनीच काढून पाठवायची. निवडलेल्या प्रत्येक चित्राखाली चित्रकाराचं नाव येणार. अट एकच: चित्र मूळ कादंबरीशी प्रामाणिक हवं.

"मूळ कादंबरीशी प्रामाणिक," भिंग आईला म्हणाली. "म्हणजे ही स्पर्धा माझ्यासाठीच काढलीय."

"मग दुसऱ्या कुणी भाग घेऊ नये म्हणून कळव त्यांना," आई म्हणाली.

कादंबरीची नायिका तारऑफिसात काम करते. गावातल्या सगळ्यांच्या जन्ममरणाच्या बातम्या तिच्या बोटांतून जातात आणि तिला स्वतःला कधी कुणाची तार येत नाही. लेखकाने तिला नाव दिलेलंच नाही, सगळे तिला तारवालीच म्हणतात. पुस्तक ज्याच्या त्याच्या कपाटात असतं. पाहिलेला मात्र असतो त्यावरचा सिनेमा. त्यात तारवाली टेकडीवर उभी आहे, वारा सुटला आहे आणि कमरेपर्यंतचे केस भुरभुरताहेत. हे दृश्य लोकांच्या डोक्यात इतकं बसलेलं की पुस्तकात टेकडी नाही हे कुणाच्या लक्षात येत नसे.

केसही नाहीत. तिसऱ्या प्रकरणात तारवालीला विषमज्वर होतो, केस कापावे लागतात, आणि पुढे यंत्रावर वाकताना आड येतात म्हणून ती ते कधी वाढवतच नाही. कपाळ रुंद आहे. कान बाहेर आलेले. लहानपणी झोपाळ्यावरून पडल्यामुळे डावी भुवई मध्ये तुटलेली. आणि बोटांची टोकं कळ दाबून दाबून चपटी झालेली. यातलं प्रत्येक वाक्य भिंगने पान आणि ओळ देऊन ग्रुपवर टाकलं होतं.

ग्रुपचा चालक दातांचा डॉक्टर होता आणि 'मूळप्रेमी' या नावाने लिहायचा. त्याने उत्तर दिलं होतं, "ताई, तुमचा अभ्यास दांडगा आहे. पण तारवालीचा आत्मा तुम्हाला सापडलेला नाही. आपल्या ग्रुपचं ब्रीद मूळ कादंबरीशी इमान हे आहे. असले बदल चालणार नाहीत."

त्यावर साठ-सत्तर जणांनी टाळ्या वाजवणारे हात चिकटवले होते. भिंगने फोन उलटा ठेवला आणि फुलकिड्याच्या मिशीचा उरलेला भाग पुरा केला.

चित्रातला चेहरा तिला जमत होता, अडत होतं ते हातांपाशी. चपट्या टोकांची बोटं मनाने काढणं तिच्या धर्मात नव्हतं, नमुना समोर लागे. नमुना होता, शेजारच्याच इमारतीत. तिची आत्या आयुष्यभर कचेरीत टायपिस्ट होती, आणि तिची बोटं टोकाला अशी होती की जणू कुणी हलकेच पोळपाटावर दाबली असावीत. डावी करंगळी आत वळलेली. ही कादंबरी भिंगला पहिल्यांदा वाचून दाखवली तीही आत्यानेच, आणि भिंग हे नावही तिचंच. सहाव्या वर्षी पोरगी जेवणाचं ताटसुद्धा भिंगातून बघायला लागली तेव्हा ठेवलेलं.

"आत्या, हात असे टेबलावर ठेव ना जरा."

"का गं? भविष्य बघतेस?"

"असंच. हलवू नकोस."

"किडे संपले वाटतं तुमच्या ऑफिसातले," आत्या म्हणाली, पण हात हलवले नाहीत. भिंगने कशासाठी ते सांगितलं नाही. छापून आल्यावर आत्यासमोर एकदम पुस्तकच उघडून ठेवायचं, असा तिचा बेत होता. हातांच्या ओघात रुंद कपाळही आत्याचंच आलं, हे तिला चित्र पुरं झाल्यावर दिसलं. तिने ते खोडलं नाही. पुस्तकात होतं तसंच ते होतं.

आईने चित्र लांब धरून पाहिलं. "छान आहे. पण हिला बघून पुस्तक कोण घेईल?"

"ज्याला पुस्तक वाचायचंय तो."

"म्हणजे कुणी नाही," आई म्हणाली.

विभागाची रीत अशी की किड्याबरोबर चिठ्ठी हवीच: कोण, कुठला, कशावरून ओळखला. चिठ्ठी नसलेला किडा म्हणजे कचरा, असं सर म्हणत. भिंगने चित्राच्या पाठीमागे तशीच चिठ्ठी चिकटवली. बारीक अक्षरात 'तारवाली', खाली प्रकरणं आणि पानं. मग पाकीट रवाना केलं.

पुढे बऱ्याच दिवसांनी संपादकाचा फोन आला. आवाजावरून तरुण होता आणि घाईत होता. "अभिनंदन! तुमचं चित्र घेतोय. मुखपृष्ठावर नाही हं, आत. पण पूर्ण पान. परीक्षक तर म्हणाले, इतकं पुस्तकाबरहुकूम चित्र दुसरं नाही."

"आणि खाली नाव?"

"ठळक टाइपात."

भिंगने दुसरं काही विचारलं नाही. पुढे तिला वाटलं, आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण त्या वेळी ती खुर्चीत बसलेली असून जमिनीला तिचे पाय लागत नव्हते.

पुस्तक घरी आलं. मुखपृष्ठावर टेकडी होती, वारा होता, आणि कमरेपर्यंत केस. भिंगने ते अपेक्षित धरलंच होतं. तिने पानं उलटली. मध्यावर तिचं चित्र होतं, एकेक रेघ जागेवर. तुटकी भुवई, बाहेर आलेले कान, टेबलावर टेकलेले ते दोन हात. खाली तिचं नाव, खरोखर ठळक टाइपात. आणि नावाच्या वर ओळ होती: 'तारवालीची खाष्ट नणंद'.

"छापून आलं ना तुझं?" आईने स्वयंपाकघरातून विचारलं.

"आलं."

"मग आवाज का असा?"

भिंगने कादंबरी पुन्हा पहिल्यापासून चाळली, या वेळी फक्त नणंदेसाठी. नणंद तीन प्रकरणांत येते. उंच, गोरी, टपोऱ्या डोळ्यांची, आणि वाड्यात कुणाचे नसतील असे कमरेपर्यंतचे मोकळे केस. ते विंचरायला घरातल्या बाकीच्यांना कामाला लावते, तीच तिची मुख्य दुष्टाई. भिंगने पुस्तक मिटून मुखपृष्ठाकडे पाहिलं. डोळे बरोबर होते, उंची बरोबर होती, केसांत तर बोट ठेवायला जागा नव्हती. टेकडी सोडली तर मुखपृष्ठ मूळ कादंबरीशी पूर्णपणे प्रामाणिक होतं. आतलं चित्रही होतं. फक्त दोन चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली होती.

ग्रुपवर मूळप्रेमीने तिचं पान टाकलं होतं. "याला म्हणतात अभ्यास! नणंद डोळ्यांपुढे होती तश्शी उतरली आहे. ताई, आधीच्या वादाबद्दल राग नसावा." खाली टाळ्यांची रांग लागलेली.

तिने संपादकाला फोन लावला.

"पाठीमागे चिठ्ठी होती," ती म्हणाली.

"हो का? अहो, निवड पारदर्शक व्हावी म्हणून आम्ही मागचा भाग झाकून ठेवला होता. परीक्षकांना फक्त चित्रं दाखवली. त्यांनीच ओळखलं कोण कोण आहे ते. एकमताने ओळखलं, हे विशेष."

"पण ती तारवाली आहे."

"ही?" पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. "बरं, मग दुरुस्ती करता येईल. शिल्लक प्रतींत छापील चिठ्ठी चिकटवू. पण पुढच्या छपाईत हे चित्र राहणार नाही. एका पुस्तकात दोन तारवाल्या कशा ठेवणार? आहे तसं ठेवलंत तर चित्रही राहील, नावही राहील. नणंद लोकांना फार आवडलीय. माझं ऐकाल तर राहू द्या."

"कळवते," भिंग म्हणाली. ओळखपुस्तिकेत चुकीच्या नावाखाली किडा छापला गेला असता तर तिने 'कळवते' म्हटलं नसतं, हे तिला फोन ठेवताठेवता जाणवलं. पण किड्याखाली तिचं नाव कधी नव्हतं.

संध्याकाळी आत्या आली. तिने स्वतः जाऊन प्रत विकत आणली होती आणि बरोबर ते पान उघडून, बोट घालून धरलं होतं.

"हे हात कुणाचे?"

करंगळीपुढे नाकारण्यासारखं काही नव्हतं.

"तुझ्या आईची नणंद मी," आत्या म्हणाली. "आणि इथे छापलंय खाष्ट नणंद. त्यावर माझे हात, माझं कपाळ. टेबलावर हात ठेव म्हणालीस, मी ठेवले. वहिनी, तू शिकवलंस का हे हिला?"

"वन्सं, मी शिकवलं असतं तर तोंडही उघडं काढायला सांगितलं असतं," आई म्हणाली.

"आई!"

"हसा, हसा. पुस्तक मी वाचून दाखवलं हिला. घसा बसेपर्यंत. आणि तिला त्यात माझ्यासाठी जागा सापडली ती ही." आई हसायची थांबली.

भिंगने पुस्तक घेतलं. समजूत घालायचा एकच प्रकार तिला येत होता, पुरावा. तिने तिसरं प्रकरण उघडून कापलेले केस वाचले. मग कपाळ वाचलं, कान वाचले, झोपाळा आणि भुवई वाचली. शेवटी बोटं वाचली. आत्या एकेक ओळ ऐकत होती आणि चित्राकडे पाहत होती.

"ही तारवाली आहे," भिंग म्हणाली. "खालची ओळ त्यांची चूक. तू वाचून दाखवायचीस तेव्हापासून मला ती अशीच दिसते."

आत्या म्हणाली, "मी वाचायची तेव्हा मला ती सिनेमातलीच दिसायची. केस कापल्याचं वाक्य मीच वाचलं असेल ना तोंडाने?"

"दर वेळी."

"कमाल आहे." तिने आपले हात पालथे करून पाहिले. "मग करा म्हणावं दुरुस्त."

"दुरुस्त केलं तर पुढच्या छपाईत चित्र जाईल. नावही."

"आणि नाही केलं तर?"

"तू नणंद राहशील."

"ती मी आहेच," आत्या म्हणाली. "ठरव तुझं तू."

भिंगने फोन उचलला. हे तिने आत्यासाठी केलं की चिठ्ठीसाठी, हे तिला नीट सांगता आलं नसतं. संपादक म्हणाला, "विचार केलात ना?" ती हो म्हणाली, दुरुस्ती करायला सांगितली, आणि भुवई डावी आहे हेही परत एकदा सांगून ठेवलं.

यथावकाश छापील चिठ्ठ्या आल्या. त्यांतल्या काही संपादकाने तिलाही पाठवल्या होत्या. मजकूर असा होता: 'वरील चित्र तारवालीचे आहे, असे चित्रकर्तीचे म्हणणे आहे.' खाली पुन्हा तिचं नाव, या वेळी बारीक टाइपात.

"म्हणणे आहे!" भिंग म्हणाली. "पानांचे आकडे दिले होते मी."

आत्याने आपली प्रत पुढे केली. भिंगने चिठ्ठी जुन्या ओळीवर चिकटवली नाही. विभागात चुकीची ओळख काढून टाकत नाहीत, तिच्याखाली बरोबर ओळख लावतात, म्हणजे आधी कोण कसं चुकलं होतं तेही जपून राहतं. तिने चिठ्ठी काटकोनात लावून वरून अंगठा फिरवला.

आत्याने पान जवळ घेऊन वाचलं, लांब धरून वाचलं. मग पुस्तक मिटलं आणि मुखपृष्ठावर तिची नजर थांबली. "आणि मग ही कोण?"

"ही नणंद. पुस्तकाप्रमाणे बघायला गेलं तर तिच्यात एकही चूक नाही."

आत्याने टेकडीवरच्या त्या बाईकडे, तिच्या टपोऱ्या डोळ्यांकडे, भुरभुरणाऱ्या केसांकडे डोळे भरून पाहिलं. पुस्तक छातीशी धरलं, मुखपृष्ठ बाहेर येईल असं.

"वहिनी, ऐकलंस का? नणंद ही अशी असते."

"ऐकलं," आई म्हणाली. "विंचरायला मात्र मला बोलवू नका."