तपकिरी पाहुण्या

पक्षीगटात तिला सगळे ‘शंकाताई’ म्हणत. कडी घातली का हे बघायला जिना दोनदा चढणारी, आणि आठ महिन्यांची लेक शांत झोपली तरी ‘इतकी का झोपली’ म्हणून तिच्या नाकापुढे बोट धरणारी बाई. दुसरं काय म्हणणार?

त्या वसंतात शंकेला नवा विषय मिळाला. परतीच्या वाटेवरचे थिरथिरे पक्षी बागेच्या कडेच्या झुडपांत चार दिवस पोट भरायला उतरत. नर काळा-नारिंगी, लांबूनही डोळ्यांत भरणारा. गटाचे काका, म्हणजे निवृत्त चित्रकला शिक्षक, रोज सकाळी हे नर मोजत. नर दिसेनासे झाले की वहीत ‘स्थलांतर संपले’ असं लिहीत, आणि मग माळी झुडपं छाटायला घेई. बारा वर्षांचा हा शिरस्ता.

यंदा काकांनी शुक्रवारी वही मिटली. छाटणी सोमवारी ठरली.

“पण काका, माद्या आत्ता कुठे यायला लागल्यात,” ती म्हणाली. “झुडपं गेली तर त्या बसतील कुठे, खातील काय?”

“अगं, चिमण्या असतील त्या. मातकट दिसलं की सगळं सारखंच.”

“चिमणीची शेपटी अशी थरथरत नाही. मी लिहून ठेवलंय.”

“मग सोमवारी घेऊन ये. कात्री चालायच्या आत.”

घरी तिने वही उघडली आणि कपाळाला हात लावला. वेगळी वही होतीच कुठे? लेकीच्या खाण्यापिण्याच्या वहीतच, बाबागाडी ढकलता ढकलता, सगळं एकाखाली एक खरडलेलं.

“नीट उतरवून काढ की,” नवरा म्हणाला.

“म्हणजे काका म्हणणार, मागाहून रचलंय.”

“मग आहे तशीच ने. पोरीच्या पोटाच्या तक्रारींची पानं तेवढी चिकटवून टाक.”

सोमवारी माळीदादा कात्रीला तेल देत बसले होते. काकांनी चष्मा पुसून वाचायला घेतलं.

“‘सहा दहा. एकटीच. दोन किडे खाल्ले.’” त्यांनी बाबागाडीत डोकावून बघितलं. “ही?”

“मादी, काका.”

“‘साडेसहा. अर्धं केळं. उरलेलं केसांना फासलं.’”

“ही आमची.”

“‘पावणेसात. खाली उतरली, शेपटी थरथरली, परत फांदीवर.’”

“आमचीला अजून फांदी जमत नाही,” ती म्हणाली. माळीदादा तोंड फिरवून हसले.

काका पानं उलटत गेले. मंगळवारी दोन माद्या, गुरुवारी पाच, काल नऊ. त्यांनी दुर्बीण उचलली. खालच्या फांदीवर एक तपकिरी पक्षी होता. विटकरी शेपटी थरथरत होती. मागे आणखी एक. पलीकडे तिसरी.

“म्हणजे बारा वर्षं आम्ही नवरदेव मोजून घरी जात होतो,” काका म्हणाले.

“हो,” ती म्हणाली, आणि पुढे ‘बहुतेक’ जोडायचं चक्क विसरली.

माळीदादांनी कात्री पिशवीत घातली. “किती थांबू?”

काकांनी सवयीने तोंड उघडलं, मिटलं आणि तिच्याकडे बोट केलं.

“शेवटची दिसली की त्यानंतर आठ दिवस बघते, मग सांगते.”

“आठ?”

ती जरा घुटमळली. “दहा.”