एफीचा एक टन कोळसा

मित्रांनो, मी कोळसा वाहणारी एक म्हातारी आगबोट आहे. आता कालव्याच्या काठाला गंजत पडले आहे. शाळेची मुले माझ्या धुरांड्यात दगड टाकतात. टाकू देत. माझा राग दुसऱ्याच गोष्टीवर आहे आणि चाळीस वर्षे झाली तरी तो निवलेला नाही.

ग्लासगोजवळ मला बांधले. तळ मुद्दाम सपाट ठेवला, पोळपाटासारखा. मोठाल्या जहाजांनी त्यावरून मला फार नावे ठेवली. पण त्यांना माल उतरवायला बंदराचा धक्का लागतो, मला नुसती वाळू पुरते. हालसे बेटाला धक्काच नव्हता. तिथे झाड नाही, आणि शेजारच्या बेटांवर खणून, वाळवून जाळतात तसली मातीही नाही. त्यांच्या चुली पेटायच्या त्या माझ्या जिवावर. वर्षातून एकदा मी जायची. भरतीला वाळूवर चढून बसायची, ओहोटीला कोरडी पडायची, की घोडागाड्या थेट माझ्या कुशीला लागायच्या. पुन्हा भरती यायच्या आत माझे पोट रिकामे झाले पाहिजे. अख्खे बेट राबायचे. माझ्या खलाशांना बायका ओटच्या गरम भाकऱ्या आणून द्यायच्या आणि माझे कौतुक करायच्या. खोटे कशाला बोलू, मला ते आवडायचे.

तिथली एक रीत होती. ज्या घरी घोडा नाही, त्या घरचा कोळसा सगळ्यांत आधी. शेजाऱ्याने आपला घोडा जुंपायचा आणि पहिली खेप त्याच्या दारात ओतायची. कुणी लिहून ठेवले नव्हते, तरी चालत होते.

मग रोरी मॅकआस्किल कोळशाचा कारभारी झाला. त्याच्या दारी दोन घोडे. त्याने टोपीत चिठ्ठ्या टाकल्या आणि चिठ्ठीपुढे सगळे सारखे, असे सांगितले. बिनघोड्याचे घर तेव्हा एकच उरले होते, एफीचे. मासेमारीत नवरा गेलेली, सत्तरीची बाई. तिची चिठ्ठी शेवटची निघाली. सगळे आपापली चिठ्ठी घेऊन घरी गेले.

एफीची मुलगी तिला ग्लासगोला न्यायला टपलेली होती. घरात कोळसा आहे तोवर मी हलणार नाही, असे एफीने तिला कळवले होते. वर्षाच्या त्या एका टन कोळशावर तिचे घर टिकून होते आणि हे बेटावर प्रत्येकाला ठाऊक होते.

त्या साली वादळांमुळे मला ऑक्टोबर उजाडला. वार शनिवार. गाड्या भरत गेल्या. शेवटी एफीची पाळी आली, तेवढ्यात रोरीने आपली राहिलेली गाडी मध्ये घातली. माझा तांडेल दुगल्ड त्याला म्हणाला, "रोरी, म्हातारीला ढकलून पुढे जातोस, तुझा घोडा तरी लाजतोय बघ." रोरी हसला. त्याची गाडी भरली, आणि चाकांना पाणी लागले. एफीचा कोळसा माझ्या पोटातच राहिला.

दुगल्ड तिच्यासाठी थांबला. रविवारी दुपारच्या ओहोटीला मी पुन्हा कोरडी पडले. काळे कपडे घातलेले सगळे गाव चर्चमधून माझ्या समोरून चालले होते. दुगल्डने पोते पाठीवर घेतले. कुणी मदत करू नका, मी एकटा वाहतो, म्हणाला.

"आज रविवार, देवाचा वार आहे, तांडेल," रोरी म्हणाला. "आज आम्ही विहिरीचं पाणीसुद्धा काढत नाही."

दुगल्डने एफीकडे पाहिले. ती म्हणाली, "राहू दे रे बाबा. माझ्यापायी कुणाला पाप नको."

पाप. शनिवारी तिची पाळी खाताना देव झोपला होता का? मला तोंड असते तर तिथेच सगळ्यांची खरडपट्टी काढली असती. संध्याकाळी वारा फिरला, निघावेच लागले. माझ्या भट्टीचा कोळसा संपत आला होता. म्हणून दुगल्डने शिव्या देत एफीचाच कोळसा आत टाकला. तिच्या उबेवर मी तिच्यापासून लांब गेले. याची लाज मला आहे, रोरीला नाही.

सोमवारी घरटी एक टोपली दिली असती तरी तिचा हिवाळा निघाला असता. कुणी दिली नाही. मागणे एफीच्या स्वभावात नव्हते. डिसेंबरात तिने खाटेच्या फळ्या जाळल्या, जानेवारीत मुलगी येऊन तिला घेऊन गेली.

पुढच्या उन्हाळ्यात मी गेले, तेव्हा तिच्या घराला कुलूप होते. रोरी सगळ्यांत पुढे गाडी लावून उभा.

"आधी बिनघोड्यांना बोलाव," दुगल्ड म्हणाला. "जुनी रीत."

"बिनघोड्याचं आता आहे कोण इथं?" रोरी म्हणाला.

कुणीच नव्हते. त्याची गाडी पहिली भरली.

मित्रांनो, मला रंग लावा नाहीतर भंगारात घाला, माझे मागणे तेवढ्यासाठी नाही. तुमच्या आळीत ज्याला वाहून आणायला कुणी नाही, त्याचे ओझे आधी उचला. आणि शनिवारीच उचला.