अंथरुणाला खिळलेले बाबा

अर्जाची खिडकी पाचला बंद होणार होती. सव्वातीन वाजले तेव्हा कॉलेजात शिकणाऱ्या त्या मुलीच्या पिशवीत गुणपत्रिका होती, दाखले होते, टाईप केलेलं निवेदनही होतं. राहिली होती फक्त पालकांची सही.

शैक्षणिक अर्थसहाय्य योजनेचं ते निवेदन तिनं लिहिलेलंच नव्हतं. कॉलेजसमोरच्या झेरॉक्सवाल्या काकूंकडे ते तयार मिळायचं. "नाव बदल, तारीख बदल, झालं! डोकं कशाला शिणवतेस?" काकू म्हणाल्या होत्या. अर्धं कॉलेज तेच निवेदन देत होतं. वाचकहो, असे तयार कागद आपणही कधी पुढे सरकवलेत का, हे ज्याचं त्यानं आठवून पाहावं.

बाबा लिफ्ट दुरुस्त करायचे. त्या दिवशी ते एका सहा मजली इमारतीत कामावर होते. ती थेट तिथं गेली आणि तिनं कागद असा दुमडला, की नुसती सहीची जागा दिसावी.

"बाबा, पटकन सही करा ना."

"हात ग्रीसचे आहेत. तोवर वाचून दाखव."

"काही विशेष नाही हो त्यात."

"मग वाचायला काय जातंय?"

ती शब्द गिळत वाचू लागली. "माझे वडील चार वर्षांपासून अंथरुणाला खिळलेले असून..." पुढे तिला वाचवेना. सहा मजले उतरून आलेले बाबा समोर चिंधीनं हात पुसत उभे होते.

"असून पुढे?" त्यांनी विचारलं. "गेलोबिलो नाही ना?"

"चेष्टा नको, बाबा! सगळे असंच लिहितात. तुम्ही धडधाकट, आईचं शिवणकाम चालू. आपली दया कुणाला येणार?"

"फी झेपते आपल्याला?"

"नाही."

"मग तेवढं लिही की. दुरुस्तीच्या कार्डावर सही करण्याआधी मी स्वतः त्या लिफ्टमधून वर-खाली करतो. का? त्या सहीवर विसंबून माणसं आत पाय ठेवतात. हा कागदही कुणीतरी विसंबूनच वाचणार ना?" मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "तुझी ती चष्मेवाली मैत्रीण. तिचे वडील खरंच पडून आहेत. ती काय लिहील?"

तिच्या एकदम लक्षात आलं. मैत्रीणही हेच लिहील! अगदी हेच वाक्य! आणि अशी चाळीस निवेदनं वाचून विटलेला माणूस तिचं खरं दुखणंही थाप समजून बाजूला टाकील!

ती कोरा कागद घेऊन जिन्यावरच लिहायला बसली. दोनदा खोडलं, दहादा घड्याळ पाहिलं. बाबांच्या पगारात घर चालतं, फी बसत नाही. पहिल्या वर्षी गणित राहिलं. शिकवणी परवडेना, म्हणून ग्रंथालयात बसून एकटीनं सोडवलं. पुढचं वर्ष मदतीशिवाय निघणार नाही.

"नापास झालीस तेही लिहिलंस?" बाबांनी वाचून विचारलं.

"झालेच होते ना."

त्यांनी सही केली.

खिडकीपाशी ती पोचली तेव्हा पाचला पंचवीस मिनिटं होती. रांगेत पुढे चष्मेवाली उभी होती, हातात काकूंचाच कागद! तिनं मैत्रिणीला दंडाला धरून रांगेबाहेर ओढलं.

"अगं, माझा नंबर जाईल!"

"जाऊ दे. हे फाड. घरी काय चाललंय ते तुझ्या शब्दांत लिही. मी थांबते."

दोन्ही अर्ज आत गेले तेव्हा कारकून शटर ओढत होता. मंजुरीचं काय, ते दोघींनाही ठाऊक नव्हतं.

मदत मागण्यात कमीपणा नाही. पण मदतीसाठी आपण खोटं दुःख उसनं घेतो, तेव्हा ज्याचं दुःख खरं आहे त्याचे शब्दच आपण पळवलेले असतात.