उशिरा वळणारे जहाज

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ गेम आहे. माझ्या लाकडी पेटीत एक काळा-पांढरा पडदा आहे आणि पडद्याखाली सुकाणूचे चाक. पडद्यावर दिसणारे जहाज खडकांमधून वळवत बंदराला न्यायचे, एवढाच माझा खेळ. पण माझे जहाज जड आहे. चाक फिरवले तरी ते काही वेळ सरळच जाते आणि मग वळते. नवख्या माणसाला तेवढा धीर नसतो. जहाज ऐकत नाही असे वाटून तो चाक आणखी फिरवतो. मग जहाज गर्रकन वळते, तो घाबरून चाक उलटे पिळतो आणि माझ्या पोटातून ‘भुस्स’ असा आवाज येतो. खेळ खलास.

माझा जन्म ओसाकातल्या एका लहान कारखान्यात झाला. तिथून मी हिनोसे या डोंगरातल्या गावी आलो. हिनोसेत जमिनीतून गरम पाणी येते आणि त्या पाण्यात डुंबायला दूरदूरचे पाहुणे येतात. आताच्या मालकीण चिझुरूबाई यांच्या सासऱ्यांनी मला आपल्या हॉटेलात, दुधाच्या फ्रिजशेजारी उभे केले. ते माझ्या वैभवाचे दिवस होते. हॉटेलातल्या गरम पाण्याच्या कुंडातून लालबुंद होऊन आलेले पाहुणे थंड दुधाची बाटली तोंडाला लावत आणि माझ्यापुढे रांग धरत. आजोबा नातवंडांकडून हरत आणि चाकाला दोष देत.

मग लोकांच्या खिशातच खेळ आले. माझ्यापुढची रांग आटली. सासरे वारले, हॉटेल चिझुरूबाईंकडे आले आणि माझ्या डोक्यावर धुतलेल्या टॉवेलांची चळत बसली. दोन टॉवेलांमधल्या फटीतून मला जग दिसे, तेवढेच.

त्या फटीतूनच मी गावाचे भांडण पाहिले. गावाचा झरा एकच, वर देवळामागे. तिथून एक लांबलचक नळ उतारावरच्या पाच हॉटेलांना पाणी देत खाली येतो. पूर्वी पाण्याच्या साऱ्या चाव्या एकच म्हातारा सांभाळायचा. तो गेल्यावर प्रत्येकाने आपापली चावी हातात घेतली. आमची चावी समोरच्या खोलीत होती.

त्या हिवाळ्यात बर्फ फार पडले. कुंड जरा निवले की चिझुरूबाई चावी सोडत. पाणी यायला वेळ लागे, म्हणून आणखी सोडत. मग एकदम कढत पाणी येई आणि पाहुणे बेडकासारखे बाहेर उड्या मारत. तोवर खालच्या हॉटेलाचे मालक गेन्झोसान यांचे कुंड गार पडलेले असे. ते आपली चावी पिळून पूर्ण सोडत, की आमचे पाणी ओसरे. पाहुणे बॅगा भरून जाऊ लागले.

एका सकाळी गेन्झोसान बूट आपटत आले. “मालकीणबाई, वरच्यांना आंघोळ आणि खालच्यांना शिंका, असा नवा नियम झालाय का?”

“चावी पिळत तुम्ही बसता, गेन्झोसान. माझ्या कुंडात माणसं शिजायची तेवढी बाकी राहिलीयत.”

“शिजली तर सूप खाली पाठवा. तेवढंच काहीतरी गरम येईल.”

प्रकरण गावच्या बैठकीत गेले. झऱ्याशेजारी दुसरी बोअर मारायची, असा ठराव गेन्झोसानांनी मांडला. चिझुरूबाईंनी विरोध केला. शेजारी भोक पाडल्यावर मूळ झराच आटला, तर गाव कशावर जगणार? मतदान पुढच्या आठवड्यावर ठेवले.

बैठकीहून बाई तणतणत परतल्या. हॉटेल जवळजवळ रिकामे होते. घड्या घालायला त्यांनी टॉवेल उचलले, माझ्याकडे पाहिले, आणि काय मनात आले कोण जाणे, माझे बटण दाबले. राग सारा माझ्या चाकावर निघाला. भुस्स. पुन्हा भुस्स.

“लबाड आहेस तू,” त्या मला म्हणाल्या.

शेवटी हात दुखला, तेव्हा त्यांनी चाक सोडून चहाचा पेला उचलला. आणि कोणी हात लावलेला नसताना जहाज आपल्या वेळेने वळले, दोन खडकांमधून अलगद निघाले. बाईंनी पेला खाली ठेवला. पुढच्या डावात त्यांनी चाक जरासे फिरवले आणि एक घोट घेतला. पुन्हा जरासे, पुन्हा घोट. जहाज बंदराला लागले. त्या मात्र समोरच्या खोलीतल्या चावीकडे बघत बसल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गेन्झोसानांना बोलावले.

“माझे पाहुणे गारठलेत आणि तुम्हाला खेळ सुचतोय?”

“एक डाव खेळा. मग बोला.”

त्यांचे जहाज पहिल्याच खडकावर बुडले. “यंत्र बिघडलंय तुमचं,” ते म्हणाले.

“मीही हेच म्हणत होते. नळ बिघडलाय, खालचा माणूस बिघडलाय. गेन्झोसान, पाणी वाटेत असतं आणि आपल्याला दम नसतो. त्यात एकाच चाकाला आपण पाचजण लटकलोय.”

गेन्झोसानांनी चाक सोडले. “म्हणजे करायचं काय?”

“पाचही चाव्या सारख्या ठेवायच्या. एक दिवस कुणी हात लावायचा नाही.”

“आणि तुम्ही हळूच फिरवली तर?”

“माझ्या चावीशी तुम्ही बसा. मी तुमच्या चावीशी बसते.”

बाकीचे तिघे हॉटेलमालक हसले, पण तयार झाले.

गेन्झोसान आमच्या चावीशी स्टूल टाकून बसले. थोड्या वेळाने एक पाहुणा ओल्या केसांनी बाहेर आला. “पाणी कोमट होत चाललंय.”

गेन्झोसानांचा हात चावीवर गेला. सोडली असती, तर या माणसाचे तोंड बंद झाले असते. आवळली असती, तर पाणी त्यांच्या स्वतःच्या कुंडाकडे गेले असते. मी पाहत होतो. त्यांनी हात काढला आणि दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले.

“जरा थांबा साहेब. पाणी वाटेत आहे.”

“वाटेत म्हणजे कुठे?”

“ते त्यालाच ठाऊक. तोवर हे जहाज बुडवून बघा. दूध माझ्याकडून.”

पाहुण्याने जहाज बुडवले. गेन्झोसान शेजारून सल्ले देत होते, स्वतःला एकदाही न जमलेले. बाटली संपता संपता कुंडाच्या पडद्याआडून वाफ येऊ लागली. मग टेलिफोन वाजला.

“गेन्झोसान, तुमचं कुंड छान तापलंय बरं का. माझं कसं आहे?”

“तुमचंही तापलंय. अजून कुणी शिजलेलं नाही.”

बोअरचा ठराव गेन्झोसानांनीच मागे घेतला. आता पाचही चाव्या एकाच माणसाकडे असतात आणि दर आठवड्याला माणूस बदलतो. कडाक्याच्या थंडीत पाणी आजही कधी कधी निवते, पण भांडण होत नाही. पाळी येण्याआधी प्रत्येकाने माझ्याकडे येऊन जहाज एकदा बंदराला लावायचे, असा रिवाज पडला आहे. त्यामुळे माझ्या चाकाला तेल मिळते आणि पडदा रोज पुसला जातो. गेन्झोसानांना जहाज बंदराला लावायला सबंध हिवाळा लागला; तोवर त्यांची पाळी पुढे ढकलत गेली. जमले तेव्हा सांगायला शेजारी मांजरीशिवाय कोणी नव्हते. त्यांनी मांजरीला सांगितले.

मित्रांनो, नळ असो, रोपटे असो की माणूस, केलेल्या गोष्टीचा परिणाम लगेच दिसला नाही, तर ते ऐकत नाही असे समजू नका. थोडे करा आणि वाट बघा. आणि कुठे माझ्यासारखा जुना खेळ भेटला, तर त्याला बेतानेच हाताळा. चाक गच्च पिळल्याने जहाज तर बुडतेच, पण आमचे सांधेही दुखतात.